कोमट प्लास्टर

४ फेब्रुवारी

प्रिय शिडे,

पोचले. फोन केला नाही. रिसीव्हर मानेत धरला की थेट कमरेपर्यंत तार ओढली जायची, ती धास्ती अजून आहे, आणि मी फोनवर असले की तुझा दादा शेजारी येऊन उभा राहतो. माझ्या नुसत्या 'हं'वरून आज किती दुखतंय ते ओळखायचा त्याला नाद लागलाय. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात चेहरा दिसत नाही.

बसच्या शेवटच्या बाकावर आडवी होऊन आले. कंडक्टर म्हणाला, "बाई, अशा झोपलात तर दोन तिकिटं लागतील." म्हटलं, "अर्धंच द्या. अर्धी बाई मागे प्लास्टरमध्ये राहिलीय." तो हसला नाही. लोकांना विनोदाची कदर नाही.

तुझ्यावर रागावले होते, ते आता सांगते. नणंद ब्रेस बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला आणि वहिनी इतकी वर्षं पाठ धरून बसलेली, हे बरं दिसत नाही असं तूच म्हणालीस, म्हणून मापाला आले. नेमका त्याच दिवशी पाठीनं संप पुकारला. तुम्ही मला त्या लोखंडी चौकटीत उभं केलंत, वरची दांडी धरायला लावलीत, ओल्या पट्ट्या गुंडाळायला लागलात, आणि तू म्हणालीस, "वहिनी, जरा सरळ हो ना." म्हटलं, "शिडे, हीच मी सरळ." तू घाईत होतीस. तशीच वाकडी गुंडाळलीस मला.

पण राग गेला, कारण पुढचं ऐक. घरी येऊन झोपले आणि सकाळी जाग आली तेव्हा दुखत नव्हतं. कमी दुखत होतं असं नाही. नव्हतंच. शेजारचा पाण्याचा पंप वर्षानुवर्षं चालू असावा, आपण त्याच्यावरून आवाज चढवून बोलायला शिकलेलो असावं, आणि तो एकदम बंद पडावा, तसं. मी घाबरून तशीच पडून राहिले. हललं तर त्याला कळेल असं वाटलं.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझं कसं गेलं? मुंगीसुद्धा दिसली नाही.

तुझी,
वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. आनंद झाला, आणि लगेच तुला रागवायलाही बसले. आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस हीच चूक करतं. बरा दिवस मिळाला की घर धुऊन काढतं आणि मग आठवडाभर अंथरुणाला खिळतं. तू आजपर्यंत काय काय उपसलंस ते खरं लिही. माळ्यावरची भांडी काढलीस ना? मला माहीत होतं.

घाईबद्दल माफ कर. मास्तर सुट्टीवर होते, आणि ते नसताना घरच्या माणसाचं माप पटकन उरकावं असं मला वाटलं. खरं तर माप चांगल्या दिवशी घ्यायचं असतं. पट्ट्या वाळल्या की त्यांचं कवच कापून काढतो, बंद करतो, आत प्लास्टर ओततो. कवच सोललं की माणसाचं धड उभं राहतं, गळ्यापासून मांड्यांपर्यंत. त्याला आम्ही 'धड'च म्हणतो. ते कानशीनं घासून जसं असायला हवं तसं करायचं आणि त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढायचं. झाला ब्रेस. पण तुझं धड मुळातच इतकं वाकडं आलंय की घासून घासून किती घासणार? आता बरी आहेस तर पुन्हा ये. नवं माप घेऊ.

एक गंमत सांगते. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे नेहमीचंच. तासाभरात थंड पडतं. तुझं धड दुसऱ्या दिवशी सकाळीही कोमट होतं. माझा सहकारी, तो दाढीवाला, त्याला तू पाहिलंस, तो हात लावून म्हणाला, "वहिनींना ताप आहे का गं?" आम्ही हसलो. आज आठवड्यानंही ते कोमटच आहे. पोत्यात काहीतरी भेसळ असणार.

दादाला सांग, फोन कानाला लावून शिट्टी वाजवू नकोस. परवा फोन लागताना मला ऐकू आली.

तुझी,
शिडी

२० फेब्रुवारी

प्रिय शिडे,

नव्या मापाला येणार नाही. चालत्या घड्याळाला कोण किल्ली देतं?

मी कामावर गेले! मालकीणबाईंनी मला दारात पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर, "बसायला खुर्ची आणू?" म्हटलं, "कात्री आणा." शिवणयंत्रावर बसायचं काम मी मोडून तोडून करत होतेच, पण कटिंगच्या टेबलावर ओणवं व्हायचं सोडून किती काळ लोटला. नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलंय. गडद निळी मखमल, टेबलावरून दोन्हीकडे खाली लोंबते. तिच्यावरून उलटा हात फिरवून बघायचं असतं, लव एकाच दिशेला आहे ना ते. मी संपूर्ण लांबी हात फिरवत गेले आणि परत आले. कुणी बघत नव्हतं तेव्हा गाल पण लावला.

मालकीणबाई म्हणाल्या, "हा पडदा तुम्हीच पुरा करायचा. मध्येच आडव्या झालात तर मी दुसऱ्या बाईला देईन, मग रडू नका." मी शब्द दिलाय.

तुझा दादा मला चोरून बघतो. मी चमचा उचलायला वाकले तरी घास तोंडात धरून थांबतो.

एक विचित्र वाटलं ते सांगते, हसू नकोस. मंगळवारी दुपारी टेबलापाशी उभी असताना कुणीतरी उजव्या खांद्याच्या पात्यावरून खरखरीत काहीतरी फिरवलं. मागे वळून पाहिलं तर भिंत. पुन्हा फिरलं, वरून खाली, पुन्हा, पुन्हा, एका लयीत. दुखत नव्हतं. पण ब्लाऊज झटकला तर काळ्या फरशीवर पांढरं पीठ पडलं. खडूची भुकटी असेल. आमच्याकडे खडू असतोच.

तुझी,
वहिनी

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मंगळवारी दुपारी मी तुझ्या धडाचा उजवा खांदा घासायला घेतला होता.

तुझं पत्र यायच्या आधीची गोष्ट आहे. पत्र वाचल्यापासून कानस हातात धरलेली नाही.

आता सगळंच सांगते. धड वाकतंय. मला वाटलं, माझ्या डोळ्यांचा दोष. म्हणून ओळंबा सोडून पाहिला, खूण केली, दोन दिवसांनी पुन्हा सोडला. डाव्या बाजूला आणखी कललंय. वहिनी, प्लास्टर तडकतं, फुटतं, भुगा होतं. प्लास्टर वाकत नाही. इतकी वर्षं हेच काम करतेय.

दाढीवाल्यानं ते उचलून फळीवर ठेवलं आणि तिथंच खाली बसला. चेहरा पांढरा. दोन माणसांनी धरून त्याला रिक्षात घातलं. घरी जाऊन तासाभरात उठून चालायला लागला, डॉक्टरांना काही सापडलं नाही. परत आलाय, पण त्या फळीकडे जात नाही. म्हणतो, "मला तिथं काही काम नाही." त्याची कात्री तिथंच पडलीय, तरी दुसऱ्याची मागून घेतो.

मास्तर सुट्टीवरून आले. त्यांनी एकच नजर टाकली. "हे माप कुणी घेतलं? आंधळ्यानं?" आमच्याकडे पद्धत अशी की चुकलेलं धड ठेवायचं नाही. फोडायचं, तुकडे भरावाला द्यायचे. ते म्हणाले, "उद्यापर्यंत फोड." मी फोडलं म्हणून सांगितलं, आणि मागच्या खोलीत मोडक्या कुबड्यांमागे कापड टाकून ठेवलंय.

तूच सांग काय करू.

शिडी

५ मार्च

प्रिय शिडे,

फोडू नकोस.

तुला कदाचित वाटेल, वहिनीला वेड लागलं. लागलं असेल. मी स्वतःला रोज सांगते की हे सगळं योगायोग आहे. डॉक्टर पहिल्यापासून म्हणत होते की या दुखण्याला चढउतार असतात, महिना बरा जाईल, महिना वाईट. मागेही एकदा मला असा बरा काळ मिळाला होता, तेव्हा तर कुणी प्लास्टर घातलं नव्हतं. पण हा काही उतार नाही गं. ते मला सोडून दुसरीकडे राहायला गेलंय, आणि कुठं गेलंय ते तुला आणि मला माहीत आहे.

तू फक्त बाहेरून पाहिलंस. आत कसं असतं ते मी कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगून लोक दमतात. आधी हळहळतात, मग तेल सुचवतात, मग गादी सुचवतात, मग म्हणतात, "मनावर घेऊ नका." "कशी आहेस?" "बरी आहे." हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. लग्नघरी मी भिंतीला टेकून उभी राहते, तर बायका म्हणतात हिला मिरवायची सवय. बसले तर म्हणतात कामचुकार. बूट घालायच्या आधी मी त्या बुटांकडे डोंगराकडे बघावं तशी बघायची.

आणि आता मखमल कापतेय. पडदा निम्मा झालाय. फोडलंस तर ते कुठं जाईल? परत माझ्याकडेच ना?

मला ओळखतेस तू. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. लग्नात मानाची साडीसुद्धा तूच निवडलीस, आणि मी तो भयंकर रंग हसत नेसले. तेवढ्यासाठी तरी ठेव.

तुझी,
वहिनी

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. मागची खोली रंगवायला काढली म्हणून तुझं ते मी घरी आणलंय. टेम्पोवाल्यानं वर आणून दिलं. माझ्या खोलीत खिडकीजवळ कोपऱ्यात असतं, चादर घातलीय. काही त्रास नाही. आणखी वाकल्यासारखं पण वाटत नाही. तुझंच खरं, आपणच मनाचे खेळ केले.

मी बरी आहे. कामाचा थोडा ताण. वर्कशॉपमध्ये सध्या सकाळचीच पाळी घेते. घरातलं वरचं सामान खाली काढून ठेवलंय आणि खालचं वर, हाताच्या उंचीवर, तेच सोयीचं पडतं. दादा येतो म्हणत होता, त्याला म्हणावं आत्ता नको, घर पसरलंय.

पडदा कसा होतोय? जास्त लिहीत नाही. पेन्सिलीबद्दल माफ कर, जे हाताला लागलं ते घेतलं.

शिडी

२९ एप्रिल

शिडे,

पेन उताणं धरलं की लिहीत नाही. शाई खाली उतरत नाही. उताणं पडून, गुडघे वर घेऊन, मांड्यांवर वही धरून लिहायचं तर पेन्सिलच लागते. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

"घर पसरलंय", "कामाचा थोडा ताण", "मी बरी आहे". ही माझी वाक्यं आहेत. मी ती वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत केलीत, आणि तू ती मलाच परत पाठवतेस? सामान हाताच्या उंचीवर कधी आणतात ते मला सांगतेस?

किती दिवस चाललंय? घरी आणल्या दिवसापासूनच, हो ना?

आता खरं लिहिते. तुझं पत्र मिळाल्याला आठवडा झाला. वाचलं आणि त्याच क्षणी कळलं. मग ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कामावर गेले. रोज जात राहिले. मखमलीची शेवटची लांबी कापून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलेय. एवढी मी चांगली आहे.

फोड ते. उद्याच फोड. कुठं जायचं तिथं जाऊ दे, माझ्याकडे आलं तर ओळखीचं आहे. तोवर ऐक. उठताना सरळ उठू नकोस. आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हातानं रेटून उठ. उताणी असशील तर गुडघ्यांखाली उशी. बरं वाटलं की अर्ध्यावर थांब, दमायच्या आधी, दमल्यावर नाही. आणि रडायचं असेल तर उभ्यानं रड. आडवं पडून रडलं की पाठ आखडते.

वहिनी

६ मे

वहिनी,

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी छिन्नी आणि हातोडी घेतली. चादर काढली. एवढ्या दिवसांत मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. ते आता जवळजवळ दुमडलंय, जमिनीवर पडलेलं काही उचलायला निघालेल्या माणसासारखं. त्याला डोकं नाही, हात नाहीत, तरी मला वाटलं, मला ऐकू यावं म्हणून ते वाकलंय.

खालच्या कडेला छिन्नी लावली आणि एकच घाव घातला. नखाएवढा टवका उडाला.

अर्ध्या तासात दादाचा फोन. तू दुकानाच्या जिन्यात कोसळलीस. पाय गेले. कमरेखाली काही कळत नव्हतं. तू मला लिहिणार नाहीस म्हणून मीच लिहिते: मला माहीत आहे. तो टवका मी ओल्या प्लास्टरनं परत बसवला. मग फोनपाशी बसून राहिले. संध्याकाळी दादा म्हणाला, "पाय हलवतेय गं. उठून बसलीय, आणि चहा कडू झाला म्हणून माझ्यावर ओरडतेय." तेव्हा मी पहिल्यांदा उभ्यानं रडले.

म्हणजे फोडायचं नाही. ठरलं.

आणि माझं ऐक. हो, दुखतं. आणल्या दिवसापासून. तू जे लिहिलंस ते सगळं असंच असतं, फक्त तू कमी करून लिहिलंस. पण मी विचार केलाय. मी एकटी, मला कुणी चोरून बघणारं नाही. कायम मी ठेवू शकणार नाही, तेवढी मोठ्या मनाची नाही मी. कायम तूही ठेवू नयेस. इतकी वर्षं तू एकटीनं ठेवलंस ना? आळीपाळीनं ठेवू. दोन-तीन महिने तुझ्याकडे, दोन-तीन महिने माझ्याकडे. खोकं मी करून घेते, आतून गवताचं अस्तर. ट्रान्सपोर्टनं जाईल-येईल.

पडदा टांगून झाला की कळव. त्याआधी नाही.

शिडी

१७ जून

प्रिय शिडे,

पडदा टांगला, ते दादानं तुला फोनवर सांगितलंच. पहिल्यांदा उघडला तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "आवाजच नाही!" चांगल्या पडद्याचा आवाज होत नाही. मी त्या काळोखात पहिल्या रांगेत बसून घेतलं, दोन तास, पाठ टेकून, हालचाल न करता. पुरेल तेवढं.

खोकं काल पोचलं. हमालानं दारात ठेवलं आणि कपाळ पुसत म्हणाला, "बाई, भारी नाहीये, पण भारी आहे." मी खोक्यावर हात ठेवला आणि ते आलं. परगावी गेलेला माणूस घरी येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसावा, तसं बसलं.

तुझ्या दादाला सांगितलं, दुकानातला शिवणाचा पुतळा आहे. तो म्हणाला, "पडद्यांना पुतळा कशाला लागतो?" मी म्हटलं, "तुला चांगले दिवस हवेत की उत्तरं?" मग संध्याकाळी गुडघ्यांखाली द्यायची उशी त्यानंच आणून दिली. बिचारा. त्याच्या शिट्टीचं वाईट वाटतं.

तू कशी आहेस ते पेनानं लिहून कळव.

वहिनी

२५ जून

प्रिय वहिनी,

पेनानं लिहितेय, बघ. खोकं टेम्पोत चढलं आणि मी जिन्यानं धावत वर आले, धावत खाली गेले, पुन्हा वर आले. शेजारणीनं दार उघडून विचारलं, "चोर आहे का?"

मग तुझं काय चाललं असेल ते डोळ्यांसमोर आलं आणि पायरीवरच बसले.

मास्तर परवा एका रोग्याला सांगत होते, "सहन करा." मी मध्येच म्हटलं, "सहन करायचं म्हणजे नक्की काय करायचं ते पण सांगा ना त्यांना. कुशीवर कसं वळायचं ते सांगा."

शिडी

३ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

ऑगस्टमध्ये तू पाठवलेलं खोकं माझ्याकडे होतं, ते गेल्या आठवड्यात परत रवाना केलं. तू म्हणालीस त्याप्रमाणे मी या वेळी दमायच्या आधी थांबत गेले, त्यामुळे सुसह्य झालं. मिळालं का? पाठ कशी आहे? मी आता छान आहे. निघाल्या क्षणापासून.

शिडी

६ ऑक्टोबर

प्रिय शिडे,

खोकं अजून आलेलं नाही. पण मीही छान आहे. काल गादी उलटी केली, एकटीनं.

तुझं पत्र वाचून तसाच कागद घेतला. तूही बरी, मीही बरी. असं आधी कधी झालंय?

वहिनी

१० ऑक्टोबर

वहिनी,

मी ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, मध्ये कुठल्या तरी गोदामात माल उतरवला, तिथं राहिलं असेल, शोधतो. मी "शोधा" म्हणणार होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "घाई नाही."

तू पण चौकशी करू नकोस. माझी शपथ. आपण ते कुणाला दिलं नाही, कुणावर टाकलं नाही, ते वाटेत हरवलं. हरवलेल्या वस्तूला आपण काय करणार? तू परत टेबलापाशी जा. दादाला शिट्टी वाजवू दे. आपल्या दोघींनाही एकाच वेळी बरं असू दे की एकदा.

कुणाला कळणार आहे?

शिडी

२१ ऑक्टोबर

प्रिय शिडे,

तुझी शपथ मोडली.

आठवडाभर पाळली. मालकीणबाईंनी नवं काम दिलं, फिकट पिवळं रेशीम. कापत होते आणि मनात येत होतं, या घडीला कोण आडवं पडलंय? कुणाला लोक म्हणताहेत, मनावर घेऊ नका? रेशीम सुरेख होतं. मला ते दिसेना.

परवा ट्रान्सपोर्टवाल्यांकडून पत्ता घेऊन गोदामावर गेले. लांबलचक पत्र्याची शेड, पोती छतापर्यंत, भिंतीपाशी एक टेबल आणि टेबलामागे कारकून. त्याला म्हटलं, "एक लाकडी खोकं आहे का, बेवारशी?" तो म्हणाला, "इथं शंभर आहेत." काय विचारावं सुचेना, म्हणून विचारलं, "इथं कुणाची पाठ दुखते का?"

तो एवढा हसला की बाकीचे जमा झाले. "बाई, कुणाची दुखत नाही ते विचारा, लवकर आटपेल." मग एकेक जण सांगायला लागला. एकाची कंबर, एकाचे गुडघे, एक म्हणाला माझी तर तरुणपणापासून, एकानं सदरा वर करून बांधलेला पट्टा दाखवला. हसत हसत सांगत होते. शिडे, मला तिथं भीती वाटली. आपल्या दोघींना वाटत होतं की ते एकच आहे आणि आपल्यापाशीच आहे.

मी पोत्यांच्या रांगांमधून शेवटपर्यंत गेले. अगदी मागे, उजेड संपतो तिथं, एक माणूस रिकाम्या पोत्यांवर पडला होता. गुडघे वर, नजर पत्र्यातल्या एकाच भोकावर, ओठांची हालचाल. श्वास मोजत होता. मी मोजायची तसाच. त्याच्या उशाशी आपलं खोकं होतं. ते माझ्या बाजूला किंचित झुकलेलं होतं.

कारकून मागून आला. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आमच्यातला सगळ्यात दणकट गडी, आणि दोन आठवडे नाटक करतोय. उद्या काढणारच आहोत कामावरून."

"नाटक नाही करत तो," मी म्हटलं.

त्या माणसानं नजर भोकावरून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मला अजून ते डोळे दिसतात.

कारकुनानं पावती पुढे केली. "सही करा. मालाचं नाव लिहिलेलं नाही. काय आहे यात?"

मी खोक्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. माझ्या मागे पोती सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी उठून बसलं, आणि भरड्या, नवल वाटलेल्या आवाजात पाणी मागितलं.

"माझंच आहे," मी म्हटलं, आणि सही करायला वाकले ती तशीच वाकलेली राहिले.

तुझी,
वहिनी